म्हैस राखून लग्न

एक हात भुवईवर आडवा धरायचा, डोळे बारीक करून आभाळात बघायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून म्हणायचं, "हा फुकट हाये. हाच लावा ना."

हा म्हणजे सूर्य. म्हणणारे आमचे बत्तीवाले चाचा. आणि चाचांचा धंदा लग्नकार्याला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर त्या बोलण्यातली गंमत तुम्हांला कळणार नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. वैद्य असून औषध नको म्हणणारा, वकील असून भांडण मिटवा म्हणणारा. आपण अशा माणसाला चांगला म्हणतो, आणि त्याचा धंदा बसला की म्हणतो, बिचाऱ्याला व्यवहार कळला नाही.

दिवस मंदीचे होते. कापसाचा भाव असा कोसळला होता की वेचणीची मजुरी निघेना, म्हणून लोकांनी बोंडं झाडावरच सोडली होती. खाली मलकापूर-खामगावकडची सरकी काढायची जिनं बंद पडत होती. वर बुलढाण्याला कचेऱ्या होत्या, त्या काही बंद पडत नाहीत. तिथे पगार कापले. माझे वडील कचेरीत कारकून होते. रोज घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवून ते त्या टोपीकडेच थोडा वेळ बघत उभे राहायचे. लेकींची वयं मात्र मंदीसाठी थांबत नव्हती.

अशा वेळी आमच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी जोशीबुवांकडे जाई आणि तिथून थेट चाचांकडे. बत्त्या ठरवायला जाई आणि बत्त्या रद्द करून येई.

चाचांची पद्धत सोपी होती. बाप एकेक गोष्ट सांगायचा आणि चाचा प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचे. "याच्याविना काय अडून राह्यलं?" बँड? याच्याविना काय अडून राह्यलं. मांडवाला रंगीत कनात? याच्याविना काय अडून राह्यलं. बाप घुटमळायचा, कारण बहुतेक गोष्टींवाचून खरोखरच काही अडत नसे. अडत असे ते लोकांच्या तोंडामुळे, आणि ते तोंडानं सांगता येत नसे.

त्यांचा सल्ला दर वेळी फळाला यायचाच असं नाही. मोहल्ल्यातल्या एका शिंप्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी वाजंत्री सगळी कापली. परिणाम असा झाला की वरात वेशीवरून मोहल्ल्यात आली ती कोणाला कळलीच नाही. नवरदेव मांडवात येऊन उभा आणि मुलीचा बाप न्हाव्यापुढे बसलेला, एक गाल साफ आणि एकावर साबण. शिंपी तसाच धावत गेला आणि तसाच सगळ्या विधींना उभा राहिला. पुढे कित्येक दिवस तो चाचांना शिव्या देत होता. चाचा म्हणाले, "दाढी अर्धी राह्यली तं काय झालं बे? लगीन तं पुरं झालं ना."

स्वतःच्या दाढीच्या बाबतीत मात्र ते असे उदार नव्हते. दर जुम्म्याला मेंदी लावून ती लालभडक करायचे. एकदा आईनं दाराआडून विचारलं, "मेंदीविना दाढी अडते का म्हणा त्यायले."

"वहिनी," चाचा ओट्यावरून म्हणाले, "दाढी नाही अडत. दाढीवाला अडते."

ते ओट्यावरच बसायचे. संध्याकाळी बाबांची आणि त्यांची बैठक तिथे ठरलेली. त्यांचा कप ओट्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चहा झाला की तो ते स्वतःच विसळून ठेवत. आम्हांला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांना वाटत होतं का, हे आम्ही कोणी विचारलं नाही. चहा आमच्या म्हशीच्या दुधाचा असे आणि घोट घेतल्यावर ते गोठ्याकडे बघून मान डोलवत, जसं काही त्या म्हशीनं गाणंच म्हटलं आहे.

माझी बहीण द्वारका हिचं लग्न चिखलीच्या अलीकडच्या एका गावी ठरलं. मुलगा बरा होता, शेती थोडी होती, माणसं साधी. त्या संध्याकाळी बाबांनी ओट्यावर आधी चहा संपवला. मग म्हणाले, "मियाँ, घरात विकण्यासारखं एकच आहे."

चाचांनी गोठ्याकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत होती.

"तिले हात लावू नका, बाबूसाहेब," ते म्हणाले. "म्हैस राखून लगीन करू."

तिथून पुढे महिनाभर आमच्या घरात सगळा हिशेब म्हशीत चालला. आई म्हणायची, बुंदीबरोबर जिलेबीही करू. चाचा म्हणायचे, "एक पाय गेला." काका देऊळघाटहून यायचे आणि म्हणायचे, वरातीला बँड पाहिजेच. "दुसरा पाय." मी म्हटलं, निदान बत्त्या तरी. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "शिंगं अन् शेपूट. मंग दूध काय खुंट्याचं काढतं?" द्वारका आतून हसली. ती आतून हसली की बाबांच्या चेहऱ्यावरचा कचेरीचा दिवस उतरायचा.

बेत असा ठरला. मुहूर्त भर दुपारचा. नवरदेवाकडच्यांनी पहाटे गाड्या जुंपायच्या, म्हणजे ऊन चढेपर्यंत ते बुलढाण्यात. लग्न विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली, म्हणजे मांडवाला खर्च नाही. एक पंगत, वांग्याची भाजी, वरण, पोळी, मूठभर बुंदी. आणि उन्हं कलली की गाड्या परत. मुक्काम नाही, म्हणून वऱ्हाडाला उतरायला जानोसा नाही, म्हणून पाहुण्यांच्या खाटा-गाद्या नाहीत. बत्ती तर नाहीच. मोहल्ल्यातल्या आणखी तिघा-चौघांच्या मुली लग्नाच्या होत्या. ते ओट्याजवळून जाताना थांबायचे आणि विचारायचे, "दिवसाच का मंग, पक्कं?" कचेरीतल्या कारकुनानं दिवसा लग्न लावलं की त्यांनाही लाज वाटायचं कारण उरणार नव्हतं. सगळे आमच्या कडुनिंबाकडे डोळे लावून बसले होते.

आता माझं सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नाही, एक माणूस सोडून.

मी तेव्हा नुकताच कोर्टात नकला लिहायला लागलो होतो. कोट शिवला होता. बरोबरचे दोघेतिघे वकिलांच्या घरातले होते, आणि मी त्यांच्यात बसत होतो याचा मला इतका अभिमान होता की ते मला बसू देत होते याकडे माझं लक्ष नव्हतं. दिवसा लग्न, निंबाखाली, हे त्यांना कळलं तेव्हा एक जण म्हणाला, "बत्तीविना वरात म्हणजे बाजारातून बैल आणल्यासारखं." सगळे हसले. मीही हसलो. मोठ्यानं हसलो.

मग मी जोशीबुवांकडे गेलो. म्हटलं, नवरदेवाकडच्यांना गोरज मुहूर्त हवा आहे, पण ते संकोचानं बोलत नाहीत. जोशीबुवा म्हणाले, "मग बोलायला काय झालं? गोरजेला पंचांगसुद्धा उघडावं लागत नाही." पुढच्या आठवड्यात कामानं चिखलीकडे गेलो, तेव्हा वाट वाकडी करून नवरदेवाच्या वडिलांना सांगितलं की जोशीबुवांना दुपारच्या मुहूर्तात खोट दिसते आहे, गोरजच बरी. ते बिचारे म्हणाले, जशी तुमची सोय. झालं. बाबांना एकच गोष्ट दोन बाजूंनी कळली. दोन बाजूंनी आलेला कागद खरा असतो, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता.

त्यांनी ते चाचांना सांगितलं तेव्हा मी दारात उभा होतो. चाचांचा हात सवयीनं भुवईवर गेला, पण त्यांनी आभाळाकडे पाहिलं नाही. गोठ्याकडे पाहिलं.

"गोरज म्हंजे मुक्काम," ते म्हणाले. "मुक्काम म्हंजे रातचं जेवण. मंग सकाळची न्याहारी. मंग पाहुन्याले उपाशी कसं धाडता, म्हून दुपारची पंगत. बाबूसाहेब, म्हैस गेली."

"मुहूर्त आहे, मियाँ. त्याला काय करणार?"

"याच्याविना..." चाचा म्हणाले आणि थांबले. आमच्या मुहूर्ताला ते वाक्य लावायचं नाही, एवढी मर्यादा त्यांची त्यांनीच घालून घेतली होती. कप विसळून त्यांनी कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "बत्त्या मी आनतो. त्याची फिकर नका करू."

लग्नाच्या दिवशी सूर्य मावळतीला गेला तसे ते चार बत्त्या घेऊन आले. धंदा बसल्यामुळे त्यांच्याकडे तेवढ्याच उरल्या होत्या. डोक्यावर धरायला तिघी बायका मिळाल्या, चौथी मिळाली नाही, म्हणून चौथी बत्ती चाचांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मेंदीची दाढी, त्यावर तो पांढराधोप उजेड. वरातीतली पोरं नवरदेवाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती. वरात छान दिसली, हे मला कबूल केलं पाहिजे. मी मात्र पुन्हा पुन्हा मागे वळून रस्त्याकडे बघत होतो.

चाचांनी सांगितलं होतं त्याच क्रमानं सगळं झालं. रात्रीचं जेवण झालं, सकाळची न्याहारी झाली आणि दुपारच्या पंगतीची तयारी सुरू झाली. वर्षाच्या खाण्यासाठी भरलेली कणगी आई वाकून वाकून उपसत होती. दूध तर पाहुण्यांच्या चहालाच संपलं.

न्याहारीची पंगत निंबाखालीच बसली होती. चाचा विहिरीच्या कडेला बसून बत्त्यांच्या काचा पुसत होते. एक विझवायची राहिली होती, ती अजून जळत होती. काका पंगतीत बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवसा लावा, दिवसा लावा म्हने. अन् जोश्याले हाताशी धरून लावलीच ना शेवटी बत्ती? धंदेवाला मानूस हाये भाऊ. आपुन भोळे."

पंगत हसली. कोणीतरी पुस्ती जोडली, "चार बत्त्या अन् एक म्हैस. सौदा काही वाईट नाही."

चाचांचा फडका काचेवर थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. बाबांकडे पाहिलं. बाबांनी पत्रावळीवरची बुंदी एका कडेला सारली, आणि खाली मान घालून ती पुन्हा मध्ये आणली. 

मी ताक वाढत होतो. पुढच्या पत्रावळीपाशी गेलो आणि विचारलं, "ताक?"

चाचा उठून निघाले. ते कसे गेले हे सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हैस गेली. बाबांनी तिला फाटकाबाहेर काढलं, आणि ती जाईना; तिला वाटत होतं पाण्यावर न्यायचं तर रस्ता दुसरा आहे. मोहल्ल्यातल्या त्या तिघा-चौघांनी आपापल्या मुलींचे मुहूर्त गोरजेचे धरले. कारकुनालाच जमलं नाही, तिथे आपलं काय. बत्त्या त्यांनी दुसरीकडून आणल्या, कारण चाचांवर आता कोणाचा भरवसा नव्हता. दिवसा लग्न लावा म्हणत होते तोवर लोक त्यांना येडा म्हणत. आता हुशार म्हणू लागले.

संध्याकाळी बाबा ओट्यावर एकटेच बसायचे. चाचा समोरून जायचे, दोघेही एकमेकांना सलाम-रामराम करायचे, आणि त्याहून पुढे एक शब्द नाही. कोनाड्यातला कप आईनं काढला नाही. त्यात पुढे एका कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं.

दोनेक वर्षांनी माझंही लग्न झालं, गोरजेलाच, सासऱ्यांच्या खर्चानं. पहिली मुलगी झाली त्या पावसाळ्यात मी एकदा चाचांच्या घरी गेलो. ते दाराशी बसून कोणाचा तरी स्टोव्ह दुरुस्त करत होते. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. जोशीबुवांना काय म्हटलं, चिखलीकडे काय म्हटलं, सगळं.

ते स्टोव्हच्या भोकात पिन घालत राहिले. "बैस ना," म्हणाले. मग, "मालूम हाये मले."

"कधीपासून?"

"तवापासूनच. जोशी माह्या घरचा चहा पेत नाही, पन बोलते तं मोकळं ना. तुह्या तोंडचा निरोप मले त्याच दिवशी सांगतला त्यानं. दुपारच्या मुहूर्तात त्याले खोट दिसलीच नव्हती."

"मग बाबांना काऊन नाही सांगितलं?" कोट घातल्यापासून सोडलेली घरची बोली माझ्या तोंडून निघाली.

चाचांनी पिन बाजूला ठेवली. "बाबूसाहेबाची लेक गेली सासरी. म्हैस गेली बाजारात. राह्यला कोन? तू. तुले बी नेऊ काय त्याच्यापासून?"

मी उंबऱ्यावर बसलो. पाऊस पन्हाळीतून पडत होता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "एक सांग बापू. ज्यायच्यासाठी केलं, त्या तुह्या कोर्टातल्या दोस्तायनं पाह्यल्या का बत्त्या?"

"नाही," मी म्हटलं. "आले नाहीत. त्याच संध्याकाळी एका वकिलाच्या मुलाचं लग्न होतं. तिथे गेले."

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, दाढी पुसत ते म्हणाले, "अरे अल्ला. अख्खी म्हैस गेली, अन् कोनी पाह्यलं बी नाही."

मी म्हटलं, आता मी बाबांना सांगतो. काकांनाही. सगळ्या मोहल्ल्याला सांगतो.

त्यांनी स्टोव्ह उचलून उजेडात धरला, भोकातून आरपार पाहिलं आणि म्हणाले, "याच्याविना काय अडून राह्यलं?"

हे वाक्य मी परवानगीसारखं घेतलं. खरं तर त्यांनी ते ज्याला ज्याला लावलं होतं, तो घरी जाऊन विचार करायचा आणि कधी कधी उलटच करायचा. शिंप्यानं धाकट्या मुलीच्या लग्नाला दोन बँड आणले होते. मला तेवढंही करता आलं असतं. बाबा त्यानंतर चांगली पाच-सहा वर्षं होते. रोज संध्याकाळी ओट्यावर होते. मी कोर्टातून यायचो, कोट काढायचो, आणि त्यांच्याजवळून आत जायचो. ते गेले तेव्हा चाचा आले. ओट्यापर्यंत आले आणि खालीच उभे राहिले. कोनाड्याकडे त्यांची नजर गेली असेल, मी पाहिलं नाही. मी पाहण्याचं टाळलं.

पुढे चाचा मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले, असं कानावर आलं. कुठल्या गावी, ते सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

मग लढाई आली. घासलेट कार्डावर मिळू लागलं. घरात वात लावायला पुरेना, तिथे वरातीला कुठून आणणार? बघता बघता सगळ्या जिल्ह्याची लग्नं दिवसा लागू लागली. ज्या काकांनी पंगतीत ते वाक्य टाकलं होतं, त्यांनी आपल्या नातीचं लग्न भर उन्हात लावलं आणि वर लोकांना सांगत सुटले की दिवसा लावणंच शहाणपणाचं, एका पंगतीत काम होतं. चाचांना जे जन्मभर जमलं नाही, ते रेशनच्या कार्डानं एका हंगामात करून दाखवलं.

या वैशाखात माझ्या मुलीचंही लग्न झालं, त्याच कडुनिंबाखाली, दुपारी. मुक्काम नव्हता, जानोसा नव्हता. एक पंगत उठली आणि उन्हं कलताना गाड्या गेल्याही. सगळे म्हणाले, फार सुटसुटीत केलंत. मी मान हलवली. ही कल्पना कोणाची होती, हे त्या पंगतीतही माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आता चाचा कसे गेले ते.

न्याहारीच्या पंगतीतलं ते हसणं थांबलं नव्हतं, तेवढ्यात ते उठले. तीन विझलेल्या बत्त्या त्यांनी दोन हातांत घेतल्या आणि चौथी, जळती, तशीच डोक्यावर ठेवली. थेंबभर घासलेट सांडलं तर बोटानं पुसून घेणारा तो माणूस. चांगलं ऊन वर आलं होतं. पोरं मागे धावली आणि ओरडू लागली, "चाचा, बत्ती चालू हाये, चाचा, बत्ती!" त्यांनी वळून पाहिलं नाही. उन्हात ज्योत मुळीच दिसत नव्हती. ते वळणापलीकडे गेले तरी नुसता तिचा सूं आवाज मात्र ऐकू येत होता, आणि मी ताकाचं भांडं हातात धरून तो संपायची वाट बघत होतो.